नाशिकची आफ्रिकी मुलं

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे झाडाच्या खोडाचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. ते झाड आजच्या झांबियातल्या चितांबो या सरदाराच्या गावात उभं होतं. १ मे १८७३ रोजी पहाटे त्या गावातल्या एका गवती झोपडीत स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह मिठात मुरवून उन्हात वाळवला आणि तो समुद्रापर्यंत खांद्यावरून न्यायचं ठरवलं. निघण्याआधी एकाने खोडाची साल तासली आणि त्यावर इंग्रजी अक्षरं कोरली: लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख, आणि तांड्यातल्या तिघांची नावं. कोरणाऱ्याने स्वतःचं नाव त्यात घातलं नाही. त्याचं नाव जेकब वेनराइट. तो आफ्रिकेत जन्मला होता, आणि लिहायला शिकला होता आपल्या नाशिकच्या शरणपूरमध्ये.

शरणपूर रोड कुठे आहे हे नाशिकमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. अंबडहून त्रिमूर्ती चौक, सिटी सेंटर मॉल, मायको सर्कल असं करत गेलं की आपण तिथे पोचतो. दवाखाने, क्लासेस, दुकानं आणि दिवसभराची रहदारी. याच भागात एकेकाळी कित्येक काळी मुलं शाळेत जात होती, रंधा मारत होती, भाता ओढत होती, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. मलिक अंबर आपल्याला माहीत असतो, कारण त्याने मोगलांना झुंजवलं. जंजिऱ्याचे सिद्दी माहीत असतात, कारण त्यांनी मराठ्यांना झुंजवलं. या मुलांनी कुणाशी लढाई केली नाही, म्हणून ती आपल्या बखरीत आली नाहीत.

ती इथे आली कशी, ते आधी सांगायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांझिबार ही गुलामांची मोठी पेठ होती. आतल्या मुलखातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ, मकुआ अशा लोकांमधून माणसं पकडून किनाऱ्यावर आणायची आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे न्यायची, हा राजरोस धंदा होता. ब्रिटिशांनी १८०७ साली आपल्या लोकांपुरता हा व्यापार बंद केला. हिंदुस्थानात १८४३च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीचं कायदेशीर पाठबळ काढून घेतलं. १८४५च्या तहानंतर झांझिबारच्या सुलतानाच्या मुलखातून बाहेर जाणारी गुलामांची गलबतं अडवण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. आरमाराची जहाजं अशी गलबतं पकडत आणि त्यांवरची माणसं एडन किंवा मुंबईच्या धक्क्यावर उतरवत. त्यांत मुलं पुष्कळ असत. या मुलांचं पुढे काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नव्हता. मुंबई सरकार काहींना घरकामासाठी कुटुंबांकडे देई, काही मिशनांकडे जात, काही जहाजांवर आणि गोदीत कामाला लागत. मुलींची लग्नं लावून दिली जात. पोराला गुलामीतून सोडवायचं आणि परक्या घरात बिनपगारी राबायला द्यायचं, यातली विसंगती तेव्हाही काहींच्या लक्षात आली होती.

कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हा त्यांपैकी एक. हा जर्मन मिशनरी आधी इथिओपियात होता. तिथल्या अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण त्याने लिहिलं होतं. तिथून निघावं लागल्यावर तो चर्च मिशनरी सोसायटीच्या कामासाठी मुंबईत आला आणि त्याने अशा आफ्रिकी मुलांना जवळ केलं. इकडे नाशिकला त्याच सोसायटीचं काम १८३२पासून चालू होतं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५०च्या दशकाच्या मध्यावर शहराबाहेर ख्रिस्ती झालेल्यांची एक वस्ती उभी केली होती. धर्म बदलला की घर, विहीर, जातीचा धंदा सगळंच तुटायचं, म्हणून राहायला जागा आणि पोटाला हुन्नर देणारं हे गाव. तेच शरणपूर. १८६० साली मुंबईतल्या आफ्रिकी मुलांचं वसतिगृह तिथे हलवण्यात आलं.

घाटातून रेल्वे तेव्हा वर चढलेली नव्हती. थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला १८६५ साली. म्हणजे पहिली मुलं आली ती आग्रा रोडने. कसारा, इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी, आणि मग आमच्या अंबडच्या शिवारावरून नाशिक. आज त्या पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने आहेत आणि पाथर्डी फाट्यापासून पुढे कंटेनरांची रांग लागलेली असते. तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. घर सुटलं, मग समुद्र सुटला, मग मुंबईही सुटली, आणि आता हा अनोळखी मुलूख. आठ-दहा वर्षांच्या पोराने त्या वाटेवर काय पाहिलं असेल याचा विचार त्या रस्त्यावर सिग्नलला थांबलो की माझ्या मनात येतो.

शाळेत पहिली गोष्ट बदलायची ती नाव. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून जो पुढे प्रसिद्ध झाला, तो याओ आई-बापांचा चेंग्विंबे. बाकीच्यांची नावं वाचली तरी शाळेचा कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. प्राइस आणि आयझेनबर्ग कोण ते वर आलंच आहे. फरार हे नाशिकच्या मिशनच्या सुरुवातीच्या काळातल्या मिशनऱ्याचं आडनाव. ही आडनावं गोऱ्यांची, आणि ती लावणारी मुलं त्यांच्या घराण्यातली नव्हेत, हे रोज हजेरीला आठवण करून देणारी. ही नावं प्रेमाने दिली असतील, यात मला शंका नाही. पण ज्याचं गाव, भाषा आणि आई एकदम हिरावली गेली, त्याच्याजवळ उरलेली शेवटची वस्तू म्हणजे त्याचं नाव, तेही काढून घेतलं गेलं.

शिकवलं काय जाई? वाचन, लेखन, बायबल, इंग्रजी. आणि मोठा वेळ हाताच्या कामाला: सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, शेती. मुलींना शिवण आणि घरकाम. सरकारी शाळांत तेव्हा मुलांच्या हातात रंधा किंवा हातोडा सहसा दिला जात नसे. ते काम बलुतेदारांचं, शाळेत यायचं ते सरकारी नोकरीसाठी. त्यामुळे शरणपूरचा हा उद्योग काहींना पुढारलेला वाटला, आणि एका अर्थाने तो होताही. पण त्याच काळात समुद्रापलीकडे काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहायला हवं. अमेरिकेत यादवी युद्ध संपून काळे लोक मुक्त झाले, आणि १८६८ साली व्हर्जिनियात हॅम्प्टन इन्स्टिट्यूट निघाली. तिचा आग्रह हाच: काळ्या मुलामुलींना हुन्नर शिकवा, शिस्त लावा, कष्टाची गोडी लावा. तिथेच शिकलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामात टस्केगी ही तशीच संस्था काढली. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ साली त्यावर रोखठोक प्रश्न विचारला, की काळ्या मुलाच्या वाट्याला फक्त हातांचं शिक्षण आणि विद्यापीठ, कायदा, मतदान मात्र गोऱ्यांसाठी, ही वाटणी कुणी केली? शरणपूरला ड्युबॉइस मिळाला नाही. पण वाटणी तीच होती. या मुलांतून उपदेशक निघावेत, दुभाषे निघावेत, चांगले सुतार निघावेत अशी अपेक्षा होती. त्यांच्यातून शाळेचा मुख्य निघावा, अशी नव्हती.

आणि ज्या नाशकात ही शाळा होती, तिथली हवा कोणती होती? मुंबई इलाख्यातली १८५६ सालची एक घटना इथे सांगायलाच हवी. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिलं, की तक्रार न्याय्य आहे, पण एका मुलाला घेतल्याने बाकीची सगळी मुलं शाळा सोडून जातील, म्हणून आम्हाला काही करता येत नाही. दोन वर्षांनी, १८५८ साली, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील असं कागदावर जाहीर झालं. तो कागद गावोगावच्या शाळांच्या उंबऱ्याशी अडून राहिला. पुढे सरकारी शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या व्यवस्थेत काळ्या मुलाची जागा कुठली? तो कुठल्याच जातीत नव्हता, म्हणून कुठल्याच पंगतीत नव्हता. शरणपूर शहराबाहेर होतं ही केवळ जागेच्या सोयीची गोष्ट नव्हती.

लिव्हिंग्स्टन या कथेत येतो तो १८६४च्या जूनमध्ये. ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून स्वतः हाकत त्याने मुंबई गाठली. बरोबर गुलामीतून सोडवलेली दोन मुलं होती, चुमा आणि विकाटानी. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. आज चौपाटीवरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे विल्सन. पुढच्या वर्षी तो परत आला तेव्हा नाशिकलाही येऊन गेला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांना या शाळेत रस होता. आफ्रिकेच्या अंतर्भागात नेण्यासाठी लिव्हिंग्स्टनला माणसं हवी होती, आणि इथे आफ्रिकी, इंग्रजी कळणारी, हुन्नर असलेली तरुण मुलं तयार होती. नऊ जण निघाले. १८६६च्या जानेवारीत मुंबईचा किनारा सुटला. बरोबर मुंबईच्या पलटणीतले शिपाईही होते. त्यांना अर्ध्या वाटेतूनच परत पाठवावं लागलं.

या प्रवासातला एक प्रसंग मी कितीदा वाचला तरी पुढे सरकू शकत नाही. रोवुमा नदीच्या वर, याओंच्या मुलखात मताका नावाच्या सरदाराचं मोठं गाव होतं. तिथे नाशिकच्या मुलांपैकी अब्राहमला एका माणसाने ओळखलं. तो त्याचा मामा किंवा काका. अब्राहमला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्याचं त्याने सांगितलं. राहा इथेच, असा त्याने आग्रह केला. सरदारानेही केला. लिव्हिंग्स्टननेही सांगितलं, की राहा, काही महिने निभावेल एवढं सामान मी देतो. अब्राहमचं उत्तर प्रत्येक वेळी एकच होतं: जिथे आई नाही आणि बहीण नाही, तिथे मी राहून काय करू? आणि तो तांड्याबरोबर पुढे निघाला. वर्षानुवर्षांनी आपल्या मुलखात पाय ठेवून तो तिथलाही राहिला नव्हता, आणि जिथून आला होता तिथलाही नव्हता. नाशिकने त्याला इंग्रजी दिली, हुन्नर दिला. घर देणं कुठल्याच शाळेच्या हातात नव्हतं, हे मान्य. पण तो जिथे वाढला ते शहर त्याचं घर होऊ शकलं असतं. ते का झालं नाही, हे आपण नाशिककरांनी स्वतःला विचारायचं आहे.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या मुलांबद्दल कडवट नोंदी भरपूर आहेत. ती आळशी आहेत, कामाला टाळतात, ओझं उचलायला कुरकुर करतात. त्यांतली काही खोटी नसतीलही. रिचर्ड आयझेनबर्ग वाटेतच मेला, काही पुढे मागे राहिले, काहींनी साथ सोडली. पण ज्यांना शाळेत लिहिणं-वाचणं शिकवलं, गणित शिकवलं, तुम्ही इतरांहून पुढे आहात असं सांगितलं, त्यांना डोक्यावर गाठोडं देऊन हमालांच्या रांगेत उभं केलं, तर ती कुरकुरणारच. शिकलेला काळा माणूस कामाला नालायक होतो, ही तक्रार त्या काळातल्या अनेक गोऱ्या प्रवाशांच्या लेखणीतून येते. याचं कारण आळस नसून शिक्षणाने जागी केलेली अपेक्षा आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात आलं. सात वर्षांनी लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा १८६६च्या त्या नाशिककरांपैकी दोघे त्याच्याजवळ होते, एडवर्ड गार्डनर आणि माब्रुकी.

१८७२ साली नाशिकच्या मुलांची आणखी एक तुकडी लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमेबरोबर गेली. मोहीम मोडली, पण मुलं, लिव्हिंग्स्टनला आधी शोधून काढणाऱ्या हेन्री स्टॅन्ली या पत्रकाराने पाठवलेल्या माणसांबरोबर लिव्हिंग्स्टनपर्यंत पोचली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे त्यांतले. लिव्हिंग्स्टन गेल्याच्या सकाळी चुमा आणि सुसी या तांड्याच्या प्रमुखांनी पहिलं काम काय केलं? जेकबला शाई आणि कागद घेऊन बोलावलं. परक्या मुलखात, भुकेल्या, भेदरलेल्या माणसांमध्ये लिव्हिंग्स्टनच्या पत्र्याच्या पेट्या एकेक उघडल्या गेल्या आणि आत काय काय आहे ते जेकबने लिहून काढलं. उपकरणं, पैसे, कागद. पुढे कुणी म्हणू नये, की आफ्रिकी हमालांनी गोऱ्या माणसाचं सामान लुटलं. त्या दिवशी तांड्यातल्या सगळ्यांच्या इज्जतीची राखण नाशिकमध्ये घोटलेल्या अक्षरांनी केली. कॅरस फरारने देहाची चिरफाड करणाऱ्याला हात दिला. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग सालीत आणि कापडात गुंडाळलेला देह घेऊन माणसं निघाली. वाटेत उन्यान्येंबेला त्यांना लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेली व्हर्नी कॅमेरॉनची मोहीम भेटली. इथेच पुरा, असा सल्ला कॅमेरॉनने दिला. त्यांनी ऐकलं नाही. नऊ महिने चालून १८७४च्या फेब्रुवारीत ती बागामोयोला, समुद्रावर पोचली. तिथे देह ब्रिटिशांच्या हवाली झाला, माणसांना पगार चुकता करून मोकळं करण्यात आलं.

जेकबचं भाडं मिशनने भरलं म्हणून तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅन्ली आणि लिव्हिंग्स्टनचा जुना सहकारी जॉन कर्क यांच्याबरोबर तोही होता. लंडनच्या चित्रमय साप्ताहिकांनी त्याची चित्रं छापली. सभांमधून त्याला उभं केलं गेलं. आणि काही आठवड्यांतच त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं, की याला गर्व झाला आहे. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या साठेक माणसांसाठी पदकं पाडली, त्या पदकांवर अखेरपर्यंत इमानी राहिल्याचा उल्लेख होता. पदकं तयार झाली तोवर माणसं पांगली होती, आणि अनेकांच्या हाती ती कधी पोचलीच नाहीत. इमान हा गुण मोजला गेला, बुद्धी आणि निर्णयशक्ती नाही. कॅमेरॉनचा सल्ला नाकारण्याचा निर्णय इमानाचा होता, तसाच तो विचाराचाही होता. जेकबची रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषेत छापून आली. इंग्रजी हस्तलिखित लोकांसमोर यायला पुढे कित्येक दशकं लागली. स्वतः जेकब आफ्रिकेत परतला, मिशनच्या नोकरीत फार टिकला नाही, आणि १८९२ साली उरांबो इथे वारला.

आता पुन्हा १८७३च्या पंचांगाकडे येऊ. १ मे रोजी लिव्हिंग्स्टन गेला. १ जून रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली तारीख घातली. ५ जून रोजी झांझिबारचा सुलतान बरघश याने बार्टल फ्रियर यांनी पुढे रेटलेल्या तहावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. फुल्यांनी ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवण्यात त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. फुल्यांना समुद्रापलीकडचा काळा माणूस आपला भाऊ दिसला. दोनशे किलोमीटरवरच्या नाशकात काळी मुलं शिकत होती, आणि त्याच उन्हाळ्यात त्या शाळेतला एक मुलगा मध्य आफ्रिकेतून शव घेऊन चालत होता. या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या असत्या तर, असं राहून राहून मनात येतं. नऊ वर्षांनी, १८८२ साली, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी सांगितलं, की रयतेच्या कष्टातून शिक्षणासाठी जो पैसा जातो तो वरच्या वर्गांच्याच पदरी पडतो. खालच्यांसाठी शाळा काढली तरी तिच्यातून वर जाण्याची शिडी कुणाच्या हातात, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा शरणपूरला जसाच्या तसा लागू होता.

झांझिबारच्या १८७३च्या तहानंतर नाशिकच्या शाळेची गरज संपली. पकडलेल्या गलबतांवरची माणसं आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच उतरवायची, असं ठरलं. प्राइस स्वतः तिकडे गेले आणि १८७५ साली मोंबासासमोर मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. फ्रियर यांच्या नावावरून फ्रियरटाउन. नाशिक-मुंबईची आफ्रिकी माणसं तिकडे नेण्यात आली, दीडशेच्या आसपास. तिथे त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’. मुंबईत ती आफ्रिकन होती, मोंबासात मुंबईकर झाली. आज फ्रियरटाउन हे मोंबासाचं उपनगर आहे. धोक्याची सूचना देण्यासाठी टांगलेली तिथली घंटा अजून उभी आहे, आणि तो चौकही घंटेच्याच नावाने, केंगेलेनी म्हणून ओळखला जातो.

फ्रियरटाउनची शाळा, चर्च, कार्यशाळा या माणसांनीच चालवली. मुलांना शिकवणारे तेच, सुतार तेच, दुभाषे तेच. त्यांच्यातल्या जॉर्ज डेव्हिडकडे तर उपदेशकाचं मोठं काम होतं. पण प्रत्येक पायरीवर वर एक गोरा असायचा, बहुतेक वेळा नुकताच आलेला, तिथली भाषा न येणारा, आणि पगाराने कितीतरी पुढे. वस्तीचा कारभारी जे. आर. स्ट्रीटर मुक्त केलेल्या माणसांना फटके मारत असे. गुलामीतून सोडवून आणलेल्या माणसाच्या पाठीवर पुन्हा चाबूक, तोही मिशनच्या आवारात. १८८१ साली हे प्रकरण चव्हाट्यावर आलं, चौकशी झाली, स्ट्रीटरला जावं लागलं. त्याच सुमारास बॉम्बे आफ्रिकनांनी लंडनला लेखी तक्रार केली, की आम्हाला तुच्छतेने वागवलं जातं. लंडनला पत्र लिहून बरोबरी मागणारी ही माणसं शरणपूरच्या बाकांवर शिकली होती. शिकवणाऱ्यांनी योजलेलं नसेल, पण अक्षर एकदा हातात आलं की ते कुठे वापरायचं हे विद्यार्थी ठरवतो.

सगळ्यांत लांबचा पल्ला गाठला तो विल्यम जोन्स यांनी. याओ मुलखातून पकडलेले, नाशिकला वाढलेले. १८६४ सालीच ते इश्माएल सेमलर यांच्याबरोबर मोंबासाजवळच्या रबाईला मिशनऱ्याच्या मदतीला गेले होते. एकवीस वर्षं काम केल्यावर, १८८५ साली, दोघांना पाद्रीपदाची पहिली दीक्षा मिळाली. तितक्याच शिक्षणाच्या इंग्रज तरुणाला एवढी वाट पाहावी लागत नसे. त्याच वर्षी जोन्स बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या मोहिमेवर गेले. मुख्य तांडा जोन्सच्या हवाली करून हॅनिंग्टन पुढे गेला आणि २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बुसोगात मारला गेला. जोन्स वाट पाहत थांबले, खात्री पटल्यावर शेकडो मैल चालून तांडा परत आणला. त्यावेळी त्यांच्यावर गोरा कुणी नव्हता, आणि तांडा सुखरूप परतला.

रबाईला परतल्यावर जोन्स यांनी जे केलं, ते या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठं वाटतं. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईत आसरा घेऊ लागले. सुलतानाच्या मुलखात गुलामगिरी अजून कायदेशीर होती. बाजार बंद झाला होता, मालकी नाही. पळून आलेल्यांना मिशनने थारा देऊ नये, असा वरून दंडक होता. मालक चिडले, मिशनवर हल्ल्याची भाषा होऊ लागली. तरी लोक येत राहिले आणि जोन्स त्यांना जागा देत राहिले. झोपड्या वाढल्या, शेतं वाढली, शाळेत मुलं वाढली. १८८८ साली हा पेच सोडवायला मिशनने म्हाताऱ्या प्राइसना पुन्हा आफ्रिकेत पाठवलं. शरणपूर उभं करणारा मास्तर आणि तिथे शिकलेला विद्यार्थी समोरासमोर आले, आणि मधे शेकडो पळालेले गुलाम. प्राइसना आकडा ऐकून धक्का बसला. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना डोईमागे मोबदला द्यायचं कबूल केलं, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत मुक्ततेचे कागद वाटले गेले. चौदाशेच्या आसपास माणसं त्या व्यवहारात मोकळी झाली. जहाजावरून जेव्हा छोटा जोन्स उतरवला गेला, तेव्हा त्याला सोडवणारे गोरे होते. इथे आसरा देणारा तो स्वतः होता, आणि मोबदला, कागद आणि समारंभ हे सगळं त्यानंतर आलं.

जोन्स यांचा पगार आणि दर्जा मात्र गोऱ्या मिशनऱ्याच्या बरोबरीचा कधीच झाला नाही. आफ्रिकी कामगारांना युरोपियन मिशनरी कसं वागवतात यावरून त्यांनी पुढे मिशनचा राजीनामा दिला.